वरच्या थरातला नमुना

दोष रेगेसरांचा होता. माना सगळ्यांनीच डोलावल्या, हेरंबनेही. पण दोष त्यांचाच.

"मग कॅटॅलिस्टची बाटली उघडली कोणी, सर?" हेरंबने विचारलं.

"मी. खंडेनवमी होती. पूजा होती."

असं म्हणाले, जणू देवानेच झाकण काढलं होतं.

लॅबमधल्या यंत्रांना झेंडूच्या माळा घालायची प्रथा सरांचीच. त्या वर्षी त्यांना कॅटॅलिस्टही पूजेत मांडायची हुक्की आली. रासायनिक क्रिया घडवून आणणारी चिमूटभर नारिंगी पूड. हवा लागली की बिघडते, म्हणून नायट्रोजनच्या पेटीत जपलेली. सरांनी बाटली पाटावर ठेवली, झाकण काढलं आणि कंपनीच्या पाहुण्यांना रंग दाखवत बसले. हेरंब मागे उभा होता. "सर, हवा..." एवढंच म्हणाला. सरांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला.

ती पूड म्हणजे त्या कामाचा जीव. फिटच्या औषधाचा रेणू दोन रूपांत बनतो, उजव्या-डाव्या हातांसारखा. दिसायला सारखा, पण एकाचा हातमोजा दुसऱ्याला बसत नाही. एक हात फिट थांबवतो, दुसरा डोळ्यांच्या नसा खातो. हायड्रोजन चढवताना फक्त पहिला हात घडवायचा, हे त्या पुडीचं काम.

"दसऱ्यानंतर मिश्रण हायड्रोजन ओढेना," हेरंब म्हणाला. "मी सांगायला आलो होतो."

"मी म्हणालो, तापव."

"तापवलं. दाबही वाढवला. मग ओढलं."

"झालं ना काम?"

"झालं. कुठल्या हाताचं झालं?"



सरांच्या बंगल्यात दुपारची शांतता होती. भिंतभर शाली पांघरलेले फोटो. टीपॉयवर चहा निवत होता.

"तपासणीत दुसरा हात दिसला होता, सर. भरपूर. तुम्ही म्हणालात, तपासणीच्या यंत्रातला कॉलम जुना झालाय."

"जुनाच होता."

"आणि म्हणालात, नमुना खालून कशाला घेतोस, वरून घे. फिल्टरवरचा वरचा थर धुऊन स्वच्छ निघतो. घाण खाली बसते. हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"तू घेतलास वरून."

"घेतला."

"मग?"

"मग काय! तुम्ही सांगायचं आणि आम्ही हो सर म्हणायचं. झक मारली आणि घेतला. दुसऱ्या दिवशी लॅब सोडली. पीएचडी गेली खड्ड्यात."

"पळालास."

"पळालो. तुम्ही राहिलात. सत्कार घेतलेत."

सर हसले. हसताना त्यांचा हात कपाकडे गेला... आणि कपाच्या शेजारी हवेत मिटला. पुन्हा गेला. बशीची कड सापडली. बोटं कडेवरून चाचपत कपाच्या कानापर्यंत पोचली.

हेरंब बघत राहिला.

"सर, डोळ्यांना काय झालंय?"

सरांनी बंडीच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. अर्धी रिकामी. हेरंबने ती हातातून घेतली. नाव ओळखीचं. बॅचही तीच, दसऱ्यानंतरची.

"तुम्हाला फिट येते?"

"नाही."

"मग या गोळ्या..."

"पहिली तक्रार आली ना, त्या शाळेतल्या बाईंची... फळ्यावरचं दिसेना म्हणून... तेव्हापासून घेतोय. रोज. यंत्रावर माझा विश्वास नव्हता. तुझ्यावरही नव्हता."

हेरंबला म्हाताऱ्याची दया येत होती, आणि दया येते याचा राग येत होता.

"म्हणजे आता कळलंय तुम्हाला."

"हं."

"उद्या कंपनीची बैठक आहे. औषध ठेवायचं की परत मागवायचं, ते ठरणार. माझं कोणी ऐकत नाही. म्हणतात, अर्ध्यात पळालेला पोरगा, सरांवर डूख धरून आहे. तुमचं एक वाक्य पुरे आहे. सांगा ना. बॅच बिघडलेली आहे, एवढंच."

सर खिडकीकडे तोंड करून बसले.

"माझ्या नावावर ते औषध उभं आहे, हेरंब."

"दुकानांत उभं आहे ते! फिट येणारी पोरंबाळं आत्ता गिळतायत. तुम्ही इथे बसून स्वतःवर प्रयोग करायचा आणि त्याला तपश्चर्या म्हणायचं?"

"मी तसं म्हणालो नाही."

"लोक म्हणतील. तुमचा अजून एक फोटो लागेल इथे. गोळी गिळायला काय लागतं, सर? तोंड उघडायला लागतं तेवढंच!"

सरांनी हात पुढे केला. तळवा वर. पट्टी मागत होते.

हेरंबने दिली नाही. हात तसाच राहिला... भीक मागावी तसा. ज्यांच्या पायांवर त्याने डोकं ठेवलं होतं त्या माणसाचा हात. शेवटी त्याच्याच्याने बघवेना. त्याने पट्टी तळव्यावर टाकली.

सरांनी चाचपून एक गोळी काढली. निवलेल्या चहाबरोबर गिळली.

"उद्या बोलणार का, सर? हो की नाही?"



"उजवा डोळा गेला," रेगेसर म्हणाले. "पण एका डोळ्यावरून निष्कर्ष काढत नसतात. डावा जाऊ दे."