इलाहीच्या पायरीवरचा हार

एका गावात फुटबॉलचे दोन भक्त शेजारी शेजारी राहत होते. एकाचं नाव विलास मगदूम, दुसऱ्याचं इलाही नदाफ. विलासचं खिळे-मोळ्यांचं दुकान होतं. इलाही गाद्या-उशा भरून विकायचा. दोन्ही दुकानांच्या मध्ये एकच भिंत होती आणि दोघांची पेठही एकच, बुरूज पेठ. या पेठेच्या तालमीचा फुटबॉलचा संघ होता. पेठेतलं पोर चालायच्या आधी लाथ मारायला शिकतं, असं लोक म्हणायचे, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

दरवर्षी हंगामाच्या आधी तालमीत पास निघायचे. हंगामी पास घेतला की मैदानाच्या दगडी पायऱ्यांवरची एक जागा वर्षभर तुमची. मग संघ जिंको की हरो, ऊन तापो की पाऊस पडो. त्या पासांच्या पैशांतून पोरांचे बूट यायचे, त्यांचा खुराक चालायचा. ज्याला पास नको असेल त्यानं सामन्याच्या दिवशी दारात उभं राहून एका मॅचचं तिकीट काढायचं.

इलाही दरवर्षी पास घ्यायचा. विलासनं तो कधीच घेतला नव्हता.

"मर्दा, औंदा तू पण घे की," इलाही म्हणाला. "शेजारी शेजारी बसू."

विलास हसला. "हरायच्या मॅचचे पैसे आधीच भरू? मी काय खुळा हाय? माणसानं निवडून घ्यावं. मंडईत तू नासका टोमॅटो उचलतोस काय?"

बोलण्यात विलासला हरवणारा माणूस पेठेत जन्माला यायचा होता. इलाही उठला आणि आपला पास घेऊन आला.

विलासची रीत ठरलेली होती. समोरचा संघ कच्चा असला, हवा बरी असली, जिंकायची खात्री असली की तो तिकीट काढायचा. पेठेचा जुना वैरी असलेल्या सोनार गल्लीच्या संघाशी लढत असली तर मग विचारूच नका. त्या दिवशी तोंडाला रंग फासून तो सगळ्यांच्या आधी दारात हजर, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच. संघ जिंकला की विलास म्हणायचा, "आम्ही जिंकलो." हरला की म्हणायचा, "ते हरले." आपल्या तोंडून असा फरक होतो, हे त्याच्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

त्या वर्षी तालमीनं निम्मा संघ नवा केला. लांबच्या गावांतून पोरं आणली. युवराज नावाचा एक काटक पोरगा कर्णधार झाला. त्याला पेठेतलं कोणी ओळखत नव्हतं आणि तोही कोणाला ओळखत नव्हता.

पहिल्याच सामन्यात या पोरांची पार दैना उडाली. एकमेकांचा पाय एकमेकांत अडकत होता. गोलामागून गोल बसत गेले. मध्यंतरालाच पायऱ्या रिकाम्या व्हायला लागल्या. कोणी शिव्या देत उठला, कोणी पोरगं रडतंय असं सांगून उठला. शेवटी वरच्या पायरीवर एक माणूस तेवढा उरला. तो इलाही होता. तो उभा राहिला आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत टाळ्या वाजवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासनं भिंतीपलीकडून हाक मारली. "काय इलाही, कशी काय झाली तुमच्या संघाची पूजा?"

"पोरं नवी हायत," इलाही म्हणाला. "जरा जमू देत."

"जमलं की सांग. तवा तिकीट काढतो," विलास म्हणाला. दुकानातली गिऱ्हाइकं हसली आणि विलासला फार बरं वाटलं.

पण पोरांचं हळूहळू जमलं. आधी हार टळली, मग बरोबरी झाली, मग जिंकणं सुरू झालं. इलाही प्रत्येक सामन्याला आपल्या पायरीवर होता. विलास मात्र 'अजून एक बघू, अजून एक बघू' करत राहिला. नवं काही घेताना तो नेहमीच असा थांबायचा. बघता बघता संघ अंतिम सामन्यात जाऊन पोचला, आणि समोर कोण, तर सोनार गल्ली.

आता विलास तिकिटाला धावला. पायऱ्या पासवाल्यांनीच भरल्या होत्या. उरलीसुरली तिकिटं खिडकी उघडताच संपली. ज्याला त्याला विचारून, ओळखी काढून तो दमला आणि हात हलवत परत आला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. खोटं कशाला बोला, विलासचंही त्या संघावर प्रेम होतं. फक्त ते प्रेम त्यानं कधी उन्हात ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो इलाहीच्या दुकानात जाऊन बसला. त्यानं काही मागितलं नाही. नुसता मोठमोठ्यानं उसासे टाकत राहिला.

"इतक्या वर्सांनी पेठ फायनलला आली, अन् मी घरात बसणार," तो म्हणाला. "जन्म फुकट गेला बघ."

इलाही गादीला टाके घालत होता. त्यानं टाका पुरा केला, सुई बाजूला खोचली आणि सदऱ्याच्या खिशातून पास काढून विलाससमोर धरला.

"घे. मी सगळ्या बघितल्या. एक तू बघ."

विलासनं 'नको' म्हणायला हवं होतं. निदान एकदा, तोंडदेखलं तरी. त्यानं आधी पास खिशात घातला आणि मग विचारलं, "खरंच देतोस?" इलाही स्वतः सामना कुठून बघणार, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही.

सामन्याच्या दिवशी विलास इलाहीच्या पायरीवर जाऊन बसला. आजूबाजूची माणसं वर्षभर तिथंच बसणारी होती. त्यांचे डबे एकमेकांत फिरत होते, चेष्टा चालली होती. भाजी मंडईतल्या द्रौपदाकाकू शेजारीच होत्या. त्यांनी विचारलं, "इलाहीभाई कुठं हायत?"

"त्याला काम निघालं," विलास म्हणाला.

काकूंनी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. "फायनलच्या दिवशी?" एवढंच त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

सामना असा झाला की बघणाऱ्याच्या जिवात जीव राहिला नाही. सोनार गल्लीनं आधी गोल केला. मग पेठेनं फेडला. अगदी शेवटी युवराजनं डाव्या बाजूनं चेंडू आत टाकला, त्यावर एका पोरानं डोकं घातलं, आणि सगळं मैदान उसळलं. विलास नाचला, ओरडला, घसा फाटेस्तोवर "आम्ही जिंकलो" म्हणाला.

तालमीच्या वस्तादांनी युवराजच्या गळ्यात झेंडूचा भला मोठा हार घातला. युवराजनं तो लगेच काढला. हार हातात घेऊन तो पायऱ्या चढायला लागला. त्याच्या मागून सगळा संघ चढला. ती पोरं थेट वरच्या पायरीपाशी आली आणि विलाससमोर उभी राहिली.

"काका," युवराज म्हणाला. त्याला धाप लागली होती. "पहिल्या मॅचला सगळी उठून गेली. या जागेवर तुम्ही एकटंच उभं व्हता, टाळ्या वाजवत. खालनं तोंड दिसत नव्हतं, पण जागा ध्यानात ठेवली. त्या दिवशी मी बॅग भरून गावी निघालो व्हतो. तुमच्यामुळं ऱ्हायलो."

पायरीवरची सगळी माणसं विलासकडे बघायला लागली. 'पोरांनो, तो मी नव्हे' एवढंच बोलायचं होतं. बोलण्यात ज्याला पेठेत जोड नव्हती, त्याच्या जिभेवर ते शब्द येऊनही बसले होते. पण समोर हार होता. खाली अख्खा गाव बघत होता. असा मान विलासला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

"असू दे रे पोरांनो, असू दे," विलास म्हणाला, आणि हार नीट गळ्यात पडावा म्हणून त्यानं मान खाली वाकवली.

पोरांनी त्याच्या पायांना हात लावले. कोणीतरी फोटो काढला. खाली जयघोष झाला आणि पोरं तशीच नाचत उतरून गेली.

मग द्रौपदाकाकू उठल्या. "त्या दिवशी आम्ही पण उठून गेलो व्हतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून आम्हाला बोलायचं तोंड न्हाई. पण मगदूमसाहेब, त्या माणसाची जागा घेतलीसा, आता हार पण घेतलासा."

विलासच्या अंगातला सगळा नाच गेला. कान तापले. हार काढावा असं त्याला वाटलं, पण उतरताना जो तो हात मिळवत होता, पाठ थोपटत होता, "धन्य हाय तुमची" म्हणत होता. प्रत्येकासमोर तो ओशाळं हसत राहिला. हार मानेला काचत होता आणि तो काढण्याएवढीही हिंमत त्याला होईना.

मैदानाच्या भिंतीबाहेर तिकीट न मिळालेल्यांची गर्दी होती. त्या गर्दीत इलाही उभा होता. आतला आवाज ऐकून ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. विलासला बघताच तो पुढे धावला.

"दुसरा गोल कुणी केला रं? आवाजावरनं कळंना!"

विलासनं सांगितलं. युवराजनं चेंडू कसा टाकला, पोरानं डोकं कसं घातलं, सगळं. इलाही डोळे मिटून ऐकत होता आणि हसत होता. मग त्याचं लक्ष हाराकडे गेलं.

"आन् हे काय? तुला कुणी घातला?"

विलासला आता पळायला जागा नव्हती. "तुझा हाय," तो म्हणाला. "पहिल्या मॅचला तू उभा ऱ्हायलास, ते पोरांच्या ध्यानात हाय. जागा बघून आली. तुला समजून मला घातला."

इलाहीचे डोळे भरून आले. "पोरांच्या ध्यानात हाय?" तो म्हणाला. "खरंच?" मग हळूहळू त्याचा चेहरा उतरला. "मग तू सांगितलं न्हाईस त्यास्नी?"

इलाही रागावला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर विलासला सोसलं असतं. पण इलाहीनं फक्त मान हलवली, "घरी वाट बघत असतील" म्हणाला आणि गर्दीत निघून गेला.

विलास परत फिरला. बाहेर येणाऱ्या लोंढ्यातून धक्के खात तो आत गेला. संघ मैदानाच्या मधोमध पेढे खात होता. वस्ताद होते, पेठेतली शे-दोनशे माणसं होती. विलासनं हार काढून हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"तो माणूस मी न्हवं. त्या दिवशी मी आलोच न्हवतो, दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात बसून तुम्हाला हसत व्हतो. उभा ऱ्हायला तो इलाही नदाफ, गादीवाला. आज त्याची जागा पण मीच घेतली, अन् तुम्ही आलासा तवा मी गप बसलो."

मग युवराजनं विचारलं, "ते कुठं हायत?"

"घरी गेला. माझ्या दुकानाशेजारी."

"चला रं," युवराज म्हणाला, आणि सगळा संघ दाराकडे पळाला. विलासनं हार पुढे केला. "हा घेऊन जावा," तो म्हणाला.

युवराज थबकला. त्यानं हाराकडे बघितलं आणि मग विलासकडे.

"ऱ्हाऊ दे काका. त्यास्नी आम्ही नवा घेऊ."

मैदान रिकामं झालं. थोड्या वेळानं पेठेच्या बाजूनं हलगीचा आवाज आला. पोरं इलाहीच्या दारात पोचली होती. विलासचं घरही त्या दाराशेजारीच होतं. पण हातात हार धरून तो खालच्या पायरीवर तसाच बसून राहिला, कारण त्या आवाजाच्या दिशेनं त्याचे पाय उचलत नव्हते.

तात्पर्य: जिंकल्याच्या दिवसाचं तिकीट काढता येतं, पण हरलेल्या दिवसांची सोबत मागाहून विकत मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या निष्ठेचा मान चुकून आपल्या गळ्यात पडू लागला, तर मान वाकवण्याआधीच खरं बोलावं.