भैरवराजांची बलपूड

भैरवराजांनी एका सकाळी बलपुडीवरची बंदी उठवली आणि सगुणाच्या भावाची झोप उडाली. या पुडीनं दंड फुगायचे हे खरं, पण डोळे पिवळे पडायचे, केस गळायचे आणि भाजीत मीठ कमी पडलं तरी माणूस ताट भिरकावायचा. पण राजांना कुस्तीचं वेड! म्हणाले, ज्याचं अंग त्याची मर्जी, सक्ती कुणालाच नाही.

बघता बघता सगळी तालीम पिवळ्या डोळ्यांची झाली. पूड न खाणारा सगुणाचा भाऊ दौलू तेवढा उरला. काल ज्यांना तो चीत करायचा, तेच आता त्याला उचलून आपटू लागले. वस्तादांनी सांगून टाकलं, पूड खा, नाहीतर तालीम सोड.

सगुणा हलगीवाल्याची पोर, तोंडानं फटकळ. तडक दरबारात गेली आणि म्हणाली, ही सक्तीच आहे. राजे भडकले.

"त्याचा हात कुणी धरलाय? उद्या मैदानात कुणालाही हात न लावता, धाक न घालता, एकाला तरी मर्जीविरुद्ध वागायला लावून दाखव. नाही जमलं तर तुझा भाऊ सगळ्यांसमोर पूड खाईल."

"चालेल. पण बसूनच कुस्ती बघायचा नियम उद्यापुरता उठवा. ज्याचे पाय त्याची मर्जी."

एवढंच ना, म्हणत राजांनी हुकूम काढला.

दुसऱ्या दिवशी कुस्ती रंगात आली तसा पुढचा एक हौशी उभा राहिला. मागच्याला दिसेना, तोही उठला. त्याच्या मागचे शिव्या घालत उठले. म्हातारे उठले, लेकुरवाळ्या बाया उठल्या, गुडघे धरून दिवाणजीही उठले. राजांनी मान उंच केली, डावीकडे झुकून पाहिलं, पण समोर नुसत्या पाठी. शेवटी कंबर धरून, कण्हत तेही उठले आणि टाचा उंचावून बघू लागले.

सगुणा जवळ आली. "महाराज, कंबर दुखतीये तर बसा की."

"बसू कसा? मला कुस्ती बघायचीय!"

"दौलूलाही कुस्तीच खेळायचीय, महाराज. तुमचा हात कुणी धरलाय?"

राजांनी टाचा खाली टेकवल्या. मग असे हसले, असे हसले, की दिवाणजींना त्यांना धरून खाली बसवावं लागलं. बंदी तिथल्या तिथे परत लागली, दौलूला राजवाड्यातून दूधतूप सुरू झालं, आणि सगुणाला मैदानात राजांच्या शेजारची बैठक मिळाली.