साळिंदराचे ड्रिल

डोंगराच्या उतारावर दाट जंगल होते. तिथे एका मोठ्या कातळाखालच्या बिळात एक साळिंदर, त्याची बायको साळू आणि त्यांची दोन पिले राहत होती. बीळ कोरडे आणि उबदार होते. पण मुलांनो, त्यात एक मोठी उणीव होती. त्याला तोंड एकच होते. पुढून शत्रू आला, तर मागून निसटायला वाट नव्हती. मागे होता नुसता कातळ, आणि तो नखांना दाद देत नव्हता.

त्या वर्षी थंडी सरत असताना टिटवीने बातमी आणली, की रानकुत्र्यांची टोळी शेजारच्या खोऱ्यात उतरली आहे. साळू घाबरली. "अहो, मागून वाट पाडायलाच हवी," ती म्हणाली. "पायथ्याशी घोरपडीच्या दुकानात दगडात भोक पाडायचं ड्रिल मशीन आलंय म्हणे. तेवढं घेऊन या."

साळिंदर लगेच निघाला. घोरपडीने त्याला डुक्करछाप ड्रिल दाखवले, बाहेरच्या दगडात ते चालवूनही दाखवले. "जरा जड आहे, आणि तापलं की थोडं थांबावं लागतं," ती सरळ म्हणाली. "पण तुमचं काम नक्की होईल." साळिंदराने ड्रिल उचलून पाहिले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. "दुसऱ्या छापाचं नाही का काही?" त्याने विचारले. "माझ्याकडे एवढंच. बाकीचे छाप नदीपलीकडच्या बाजारात मिळतात," घोरपड म्हणाली. एवढे ऐकले मात्र, साळिंदर रिकाम्या हातांनी घरी परतला.

"एकदाच घ्यायची वस्तू. चार ठिकाणी बघून घेतलेली बरी," तो साळूला म्हणाला.

"बघायला वेळ कुठाय? कुत्री खोऱ्यात आलीत."

"खोरं अजून लांब आहे गं. मी हा गेलो आणि हा आलो."

नदीपलीकडच्या बाजारात दुकानांची रांगच होती. एका दुकानात माकड गेंडाछाप ड्रिल विकत होते. "डोळे मिटून हेच घ्या, साहेब! कातळ म्हणजे याच्यापुढे पिकलेली पपई!" समोरच्या दुकानातले उदमांजर लगेच ओरडले, "साहेब, त्याची बॅटरी लवकर उतरते! आमचं सुतारछाप बघा. हलकं आहे, हात भरून येत नाही." दोघांनीही साळिंदराला बसायला पाट दिला, पाणी दिले. घरी त्याचे मत कोणी एवढ्या आदराने विचारत नसे. त्याला फार बरे वाटले. तो कधी या दुकानात बसे, कधी त्या. गिऱ्हाइकांना थांबवून विचारी, "तुम्ही कोणतं वापरता? तापतं का? हमी किती?" शेवटी एका अस्वलाने त्याला सांगितले, की घाटाखाली एक मोठे दुकान आहे आणि तिथे सुतारछापाबरोबर दुसरी बॅटरी फुकट मिळते.

हा शोध घेऊन साळिंदर घरी आला. जेवताना तो सगळे सविस्तर सांगत राहिला. कोणते जड, कोणते हलके, कोणाची बॅटरी किती चालते. पिले ऐकता ऐकता पेंगली. साळूने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आणलंत कोणतं?"

"अजून नाही. पण आता नीट कळलं. घाटाखाली जाऊन घेऊनच येतो."

"अहो, काल पलीकडच्या टेकडीवर ससा मारला त्यांनी. घोरपडीकडचंच घ्या ना. काम होतंय ना त्याने?"

"होतं, पण त्याच्याहून चांगलं मिळत असताना तेच का घ्यायचं?"

साळूने पिलांना ओढून बिळाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात निजवले.

घाटाची वाट लांबची होती. साळिंदर पोहोचला, तर त्या दिवशी दुकानाला सुट्टी. तो ओट्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्याने सुतारछाप ड्रिल घेतले, दुसरी बॅटरी मागून घेतली, आणि आपण फसलो नाही या आनंदात घाट चढू लागला.

जंगलाच्या कडेला टिटवी भेटली. तिने त्याच्या पाठीवरच्या खोक्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. "फार उशीर केलात हो," ती म्हणाली. "काल दुपारी कुत्री आली. साळूताईंनी पिलांना आत ढकललं आणि बिळाच्या तोंडाशी काटे फुलवून उभ्या राहिल्या. किती कुत्र्यांच्या थोबाडांत काटे घुसले, पण ती हटेनात. ऊन उतरलं तेव्हा कुठे निघून गेली. पिलं सुखरूप आहेत. साळूताई मात्र..." साळिंदर बिळाकडे धावला.

दोन्ही पिले आईच्या अंगाला चिकटून बसली होती. त्यांनी काही खाल्ले नव्हते. साळिंदराने त्यांना बाजूला घेतले, जांभळीखाली माती उकरली आणि साळूला तिथे पुरले.

कुत्री पुन्हा येणार, हे टिटवीने बजावलेच होते. साळिंदराने खोके फोडले आणि ड्रिल कातळाला लावले. ड्रिल खरोखरच उत्तम होते. ते तापले नाही. त्याचा हात भरून आला नाही. दुसऱ्या बॅटरीला हात लावायचीही वेळ आली नाही. अंधार पडायच्या आत कातळाला आरपार वाट पडली आणि बिळात मागून वारा आला.

थोरले पिलू त्या वाटेने बाहेर जाऊन परत आत आले. "बाबा, एवढ्यात झालं?"

"हो."

"मग आई होती तेव्हाच का नाही पाडली वाट?"

साळिंदराने तोंड उघडले. गेंडाछाप, सुतारछाप, हमी, बॅटरी, सगळे त्याच्या जिभेवर आले. पण त्यातले एकही कारण त्या पिलाला सांगण्याजोगे नव्हते. तो ड्रिलवरची दगडाची पूड पुसत राहिला. पूड गेली, तरी पुसतच राहिला.

तात्पर्य : वस्तू पारखून घ्यावी हे खरे, पण ती ज्यांच्यासाठी घ्यायची, त्यांच्यावरचे संकट आपली पारख संपेपर्यंत थांबत नाही.