पाण्याकाठी नेलेला दरवाजा

पूर्वी गंडकीच्या काठी सुतीर्थ नावाच्या नगरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका अमात्याच्या घरी जन्माला आले, आणि वयात आल्यावर त्या नगराचे द्वाराध्यक्ष झाले. नगराला चार दरवाजे होते. ते कधी उघडायचे, कधी लावायचे, पहारा कुठे आणि कसा ठेवायचा, हे सगळे त्यांच्या हाती होते.

चारांपैकी पूर्वेचा दरवाजा नदीकडे उघडत असे. त्याच्या आत एक फरसबंदी चौक होता, बाहेर वाळूचा रुंद पट्टा आणि त्यापुढे नावांचा घाट. वाळूच्या दोन्ही अंगांनी नगराचा खंदक नदीला जाऊन मिळे. त्यामुळे वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला दोनच वाटा होत्या, पुढे नदी आणि मागे दरवाजा.

या दरवाजाचा एक कडक नियम होता. दृढसेन लहान असताना लुटारूंची एक टोळी काठच्या लव्हाळ्यात दबा धरून बसली, पैलतीरावरून परतणाऱ्या उतारूंत मिसळली आणि त्यांच्याबरोबर आत शिरली. त्या धुमश्चक्रीत दृढसेनाचे वडील याच दरवाजात मारले गेले. राजा झाल्यावर त्याने पहिला हुकूम काढला तो असा, की नदीकडून आत येणाऱ्या प्रत्येकाजवळ पैलतीरावरच्या चौकीची मातीची मुद्रा असली पाहिजे. मुद्रेवाचून कोणी त्या दरवाजातून आत आला, तर साऱ्या पहाऱ्याची मुंडकी उडतील. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि राजाचे तर काळीज पोळले होते. म्हणून त्या नियमाला कोणी नावे ठेवीत नसे.

घाटाची व्यवस्था सुवेग नावाच्या नावाध्यक्षाकडे होती. सुवेग आळशी नव्हता आणि लबाडही नव्हता. त्याचे नशीब एवढेच वाईट, की त्याची पाठ एकदा थोपटली गेली होती. एका सकाळी राजा नदीदरवाजाशी आला तेव्हा आतला चौक रिकामा होता. इथे कोणी खोळंबलेले नाही हे पाहून राजा खूश झाला आणि त्याने गळ्यातली मोत्यांची माळ काढून सुवेगाला दिली. त्या दिवसापासून चौक रिकामा ठेवणे हाच सुवेगाचा धर्म झाला. उतारू आला, की त्याचे गाठोडे तपासायचे, त्याला दरवाजाबाहेर वाळूवर काढायचे आणि चौक झाडून घ्यायचा. बाहेर नाव तयार आहे की नाही, हा ज्याचा त्याने बघावा असा प्रश्न होता.

चांगल्या हवेत यात काही बिघडत नसे, कारण नावा भराभर सुटत. पण माघ सरून फाल्गुन लागताना ज्या आठ रात्रींना लोक अंतराष्टक म्हणत, त्या कडाक्याच्या थंडीच्या रात्री आल्या, आणि त्या वर्षी येताना धुके घेऊन आल्या. धुके असे, की नावाड्याला स्वतःच्या वल्ह्याचे टोक दिसेना. नावाड्यांनी नावा बांधून ठेवल्या आणि ते शेकोटीशी जाऊन बसले. सुवेगाने मात्र दरवाजा रोजच्यासारखा उघडला. दुपारपर्यंत धुके उठेल, असे तो प्रत्येकाला सांगे, आणि त्याला ते मनापासून खरे वाटे. धुके उठले नाही. दुसऱ्या दिवशी नवे उतारू आले, तेही वाळूवर गेले. त्यांच्या मागून आणखी गेले. चौक तेवढा लख्ख राहिला.

कुडकुडून गेलेले लोक परत आत येऊ लागले, तेव्हा पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले आणि मुद्रा मागितली. मुद्रा मिळायची पैलतीरावर, आणि पैलतीर तर दिसतही नव्हता. जाता येईना म्हणून मुद्रा नाही, आणि मुद्रा नाही म्हणून परतता येईना. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ते यालाच. पहारेकऱ्यांनाही दया येत होती, पण मुंडके कोणाला नको असते?

त्या उतारूंत उत्पला नावाची चटया विणणारी एक बाई होती. तिची आई पैलतीरी अंथरुणाला खिळलेली, म्हणून उत्पलाचे बाळंतपण सासरीच झाले होते, आणि आता ती तान्ह्या मुलाला त्याच्या आजीकडे दाखवायला घेऊन निघाली होती. सोबत म्हातारा सासरा होता. आईसाठी विणलेली चटई तिने मुलाभोवती गुंडाळली होती, पण धुक्याने चटई ओली झाली, मग तिचा पदर ओला झाला, आणि मग मुलाला कोरडे असे काही उरले नाही.

बोधिसत्त्व त्या दिवसांत नगराच्या दुसऱ्या टोकाला होते. पश्चिमेचा दरवाजा कुजला होता, तो उतरवून नवा बसवण्याचे काम सुतारांकडून करून घेत होते. ते संपवून दुपारी नदीदरवाजाशी आले, तेव्हा सुवेगाने त्यांना मोठ्या कौतुकाने रिकामा चौक दाखवला. एवढे धुके असून एक माणूस खोळंबलेला नाही, असे तो म्हणाला. पण बोधिसत्त्वांना भिंतीपलीकडून खोकल्याचे आवाज येत होते. एकाचे नव्हे, पुष्कळांचे. आणि त्यांत एका तान्ह्या मुलाचे बारीक रडणे होते.

"नावाध्यक्ष, उतारू सगळे गेले?" त्यांनी विचारले.

"सगळे निघाले, आर्य."

"आणि पोहोचले किती?"

सुवेग गोंधळला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता. "ते पैलतीरावरचे लोक पाहतात," तो म्हणाला.

बोधिसत्त्व भिंतीवर चढले. खाली धुक्याशिवाय काही दिसेना, पण ओल्या लाकडाच्या धुराचा वास येत होता. त्यांनी ताबडतोब टोपल्यांतून गरम पेज, घोंगड्या आणि सुकी लाकडे खाली सोडायला लावली. लोकांनी ती घेतली, आशीर्वाद दिले. पण लाकडे पेटेपर्यंत दमट होत आणि घोंगड्या अंगावर घेताच जड होत. ती रात्र काढायला छप्पर हवे होते, आणि छप्पर भिंतीच्या आत होते.

एवढ्यात मुलाचे रडणे थांबले. बोधिसत्त्वांनी वाकून हाक दिली, की ते मूल कोणाचे आहे?

"माझं आहे, आर्य," उत्पला खालून म्हणाली. "मघापर्यंत रडत होता. आता रडत नाही, दूधही ओढत नाही. मला आत घेऊ नका, पण याला तरी टोपलीतून वर घ्या."

शेजारचा पहारेकरी बोधिसत्त्वांकडे पाहू लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि भीतीही होती. बोधिसत्त्वांनी विचार केला, 'आईला खाली ठेवून मूल वर घेतले, तर त्याला ऊब आणि दूध कोण देईल? आणि तिच्यामागे आणखी किती आया उभ्या आहेत, ते मला दिसत नाही. मी दरवाजा उघडला तर माझे डोके जाईल, ते जावो. पण माझ्या शब्दाखातर दार उघडणाऱ्या या गरीब माणसांचीही जातील.' ते खाली वाकून म्हणाले, "मुली, त्याला उघड्या छातीशी धर आणि सासऱ्याला पाठीशी बसव. अंधार पडायच्या आत मी तुम्हा सगळ्यांना नेतो."

ते तडक राजाकडे गेले आणि जे पाहिले ते सांगितले. राजाचा चेहरा उतरला. तो निर्दय नव्हता. पण नदीदरवाजाचे नाव निघाले की तो पुन्हा लहान मूल होत असे.

"त्या धुक्यात, त्या लव्हाळ्यात एकही लुटारू नाही, असे मला छातीठोक सांगाल?" त्याने विचारले.

"नाही, महाराज. तसे मी सांगू शकत नाही."

"मग मुद्रेवाचून त्या दरवाजातून कोणीही आत येणार नाही."

"आज्ञा, महाराज. आणि तो दरवाजा कसा राखायचा, कुठे राखायचा?"

"ते तुमचे काम. त्यात मी कधी बोललो आहे?"

बोधिसत्त्वांनी वंदन केले आणि ते जवळजवळ धावतच निघाले. माणसांना दरवाजा ओलांडायची मनाई होती. दरवाजाला मात्र माणसे ओलांडायची मनाई कोणी केली नव्हती.

पश्चिमेचे सुतार अजून हत्यारे आवरीत होते. त्यांना ओंडक्या-दोरखंडांसह नदीदरवाजाशी आणले गेले. बोधिसत्त्वांनी आधी सारा पहारा बाहेर धाडला आणि सांगितले, की पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहा. पाठ लोकांकडे करा, तोंड नदीकडे. मग नावाड्यांना सांगून बांधलेल्या नावा वाळूवर ओढून घेतल्या आणि या खंदकापासून त्या खंदकापर्यंत एकीला एक लावून आडव्या केल्या. मधे एक खिंड ठेवली. इकडे सुतारांनी खुंट्या ठोकून काढल्या आणि दरवाजा चौकटीसकट भिंतीतून सोडवला.

सुवेग कासावीस झाला. भिंतीला भगदाड पडले, आता राजाला काय तोंड दाखवायचे, असे तो म्हणू लागला. बोधिसत्त्वांनी त्याला शांतपणे बाजूला घेतले. राजाची भीती खोटी नव्हती, हे ते विसरले नव्हते. ते म्हणाले, "ज्यांना बाहेर सोडलेत, त्यांची गाठोडी तुम्ही स्वतः तपासली आहेत. तुम्हाला एकेकाचा चेहरा ओळखता येईल. इथे उभे राहा आणि प्रत्येकाकडे नीट पाहा."

दरवाजा ओंडक्यांवरून वाळूत उतरला. तो जड होता, आणि आतले लोक ढकलून थकले. तेव्हा बाहेरच्यांनी दोर हातात घेतले. तीन दिवस ज्या दाराने त्यांना अडवले होते, तेच दार गारठलेल्या बोटांनी ओढत ते पाण्याकडे घेऊन गेले. उत्पलाच्या सासऱ्याला दोर धरवेना, म्हणून त्याने अडसराला नुसता हात लावला आणि तो सोबत चालला. नावांच्या मधल्या खिंडीत चौकट उभी राहिली, दारे बसली, अडसर पडला.

मग बोधिसत्त्व वळून लोकांना म्हणाले, "दरवाजा तुमच्या पाठीमागे आहे. तुम्ही नगरात आहात. घरात चला."

क्षणभर कोणी हलले नाही. सवयीने सगळे भाल्यांची वाट पाहत होते. मग उत्पला निघाली, आणि तिच्यामागून सारे निघाले. भिंतीतल्या मोकळ्या जागेतून ते एकेक करून आत आले, आणि सुवेग एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिला. निळे ओठ, सुजलेले डोळे, ओल्या घोंगडीत गुरफटलेल्या म्हाताऱ्या. सगळे त्याने बाहेर काढलेलेच लोक होते, परका एकही नव्हता.  त्याला लाज वाटली, आणि फार वाटली.

चौकात पेंढा पसरला, शेकोट्या पेटल्या, घराघरांतून कोरडी वस्त्रे आली. बायकांनी उत्पलाच्या मुलाला कोमट तेल चोळून उबदार फडक्यात गुंडाळले आणि तिच्या कुशीत दिले. मूल गप्पच होते.

तेवढ्यात राजा आला. भिंतीतली मोकळी जागा पाहून तो पांढराफटक पडला आणि दरवाजा कुठे आहे, एवढेच त्याच्या तोंडून बाहेर पडले. बोधिसत्त्व त्याला वाळूवरून पाण्याच्या कडेला घेऊन गेले.

"या दरवाजातून मुद्रेवाचून कोणी आत आले नाही, महाराज. अडसर पडल्यापासून तसाच आहे. तरी माझे चुकले असेल, तर हुकूम माझा होता, शिक्षा मलाच व्हावी."

राजाने अडसर चाचपून पाहिला. मग पलीकडे रांगेने उभ्या असलेल्या पहाऱ्याकडे पाहिले. सगळ्यांची तोंडे नदीकडे होती. 

"माझे वडील गेले त्या दिवशी वाळूवर कोणीच नव्हते," राजा म्हणाला. "पहारा भिंतीला टेकून उभा होता. त्यानंतर मी भाले वाढवले, पण माझ्याच लोकांच्या छातीवर धरले. नदीकडे तोंड करून उभे राहायला मी कोणाला सांगितलेच नाही."

तो हे बोलत असतानाच चौकातून मुलाचे रडणे ऐकू आले. आधी बारीक, मग खणखणीत, भूक लागलेल्या मुलाचे असते तसे. चौकातल्या साऱ्यांचा जीव भांड्यात पडला. पहारेकऱ्यांनी हुकूम मोडून एकदा मागे वळून पाहिले आणि राजाने पाहिले न पाहिलेसे केले. तो हसत होता, आणि डोळेही पुसत होता.

सुवेगाने मोत्यांची माळ काढून राजाच्या पायांशी ठेवली आणि शिक्षा मागितली. बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, ज्या कामासाठी यांची पाठ थोपटली गेली, तेच यांनी मन लावून केले. पाठ थोपटणाऱ्याने भिंतीपलीकडे डोकावले असते, तर यांनीही डोकावले असते." हा टोला कोणाला होता ते राजाला कळले. त्याने माळ उचलून पुन्हा सुवेगाच्या गळ्यात घातली आणि सांगितले, की यापुढे कोण निघाले ते मला सांगू नका, कोण पोहोचले ते सांगा.

धुके निवळले तेव्हा पहिली नाव उत्पलाला घेऊन सुटली, आणि आजीने नातवाचे तोंड पाहिले. नदीदरवाजा भिंतीत परत गेलाच नाही. राजाने पाण्यापर्यंत तट बांधून घेतला आणि वाळूवर उतारूंसाठी चुलींसकट मोठी विश्रामशाळा उभारली. धुके पडले, की सुवेग घाट बंद करी आणि चुली पेटवी. त्याचा चौक माणसांनी, पोराबाळांनी गजबजून जाई, आणि त्याला त्याचे काही वाटत नसे.

ही कथा भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू, शास्ते, थांबले. बाहेर गारांचा पाऊस पडून गेला होता. दुरून आलेले भिक्षू मंडपाच्या कडेला भिजलेली चीवरे आवळून बसले होते, कारण पाहुण्यांच्या खोल्या झाडून, सारवून, कडी लावून ठेवलेल्या होत्या. शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा दृढसेन म्हणजे आजचा उपासक पुण्णक. उत्पला म्हणजे आजची भिक्षुणी सोमदत्ता, आणि ते तान्हे मूल म्हणजे तिच्याजवळ बसलेला थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, उत्तिय. द्वाराध्यक्ष तो मीच होतो."

सुवेग कोण होता, हे त्यांनी सांगितले नाही. मागच्या रांगेतून एक भिक्षू खाली मान घालून उठला, आणि थोड्याच वेळात खोल्यांच्या कड्या निघाल्याचे आवाज मंडपात सगळ्यांनी ऐकले.

"वाट नसेल तिथे वाट शोधणारी ही करुणा," शास्ते म्हणाले. "प्रज्ञेवाचून ती भिंतीवर बसून नुसती रडते. प्रज्ञा सोबत असली, की ती दरवाजा उचलते." आणि पाहुणे उठून आत गेले.