भोकरतळ्याचा रिकामा पाट

शहराची बस जिथून माघारी वळते, तिथून चालत दहा मिनिटांवर भोकरतळे गाव आहे आणि गावाच्याच नावाचे तळे. पहिल्यांदा पाहणारा माणूस बुचकळ्यात पडतो. तळ्याच्या मधोमध मातीचा बांध आहे. बांधाच्या अलीकडे भर वैशाखातही पाणी आणि पलीकडे कोरडा ठणठणीत खड्डा. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो, पण पलीकडचे पाणी दिवाळीही पाहत नाही. मग कोणीतरी हमखास विचारते, "त्या अंगाला काय झालं?" गावातले जुने जाणते दशरथतात्या रासकर काठी बाजूला ठेवून बांधावर बसतात. मध्ये बोललेले त्यांना खपत नाही, म्हणून पाहुणेही गुमान बसतात.

शहरात नव्या पेठा वसत होत्या, त्या काळची ही गोष्ट आहे, असे सांगतात. भोकरतळ्यात तेव्हा माळ्यांची बारा घरे होती. तळ्याच्या पाण्यावर वांगी, मेथी, कांद्याची पात पिकवायची आणि पहाटे डोक्यावर पाट्या घेऊन शहर गाठायचे, हा त्यांचा धंदा. तळ्याबद्दल काहीही ठरवायचे तर बाराही घरांची सुपारी देवापुढे पडावी लागे. एक जरी अडली, तरी काम अडले.

बारावे घर साळूबाईचे. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, एकुलता मुलगा राघू, आणि सून चिमा. लग्नाला आठ वर्षे लोटल्यावर चिमाला नुकतेच दिवस राहिले होते. साळूबाई तिला भरली घागर उचलू देत नसे. "आधी माझा नातू येऊ दे, मग उचल डोंगर," म्हणायची.

त्याच सुमारास, उन्हाळा लागताच, पेठांसाठी विटा हव्यात म्हणून शहराचा ठेकेदार गावात आला. तळ्याच्या तळाशी काळी चिकणमाती, विटेला सोन्यासारखी. तळ्यातला गाळ गावकरी दर उन्हाळ्यात काढतच, पण वीतभर, शेतात टाकण्यापुरता. ठेकेदाराला हवी होती पुरुषभर खोल माती. लोकांनी हिशेब केला तो आपल्या अकलेने सरळच होता: भट्ट्या लागतील, रोज हाताला काम मिळेल, शिवाय तळे खोल झाले की पाणीही दुप्पट मावेल. एका दगडात दोन पक्षी. अकरा सुपाऱ्या एका दिवसात पडल्या.

साळूबाईने मात्र आपली सुपारी कनवटीलाच ठेवली. तिचा सासरा म्हणायचा, तळ्याचा गाळ वीतभर काढावा, हातभर नाही. का, ते त्याने कधी सांगितले नव्हते आणि तिने विचारले नव्हते. नुसत्या एका वाक्याच्या जोरावर ती दोन दिवस अडून बसली. गाव धुसफुसले. तिसऱ्या दिवशी राघू तिच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "आई, मी जल्मभर पाट्याच वाहिल्या. माझ्या पोरानंबी वांगीच इकायची का?"

तिने चिमाकडे पाहिले, तर ती पदराखाली पोटावर हात ठेवून बसलेली. साळूबाई उठली आणि देवापुढे बारावी सुपारी ठेवून आली. नातवासाठी ठेवली, असे तिने चिमाला सांगितले म्हणे.

उन्हाळाभर भट्ट्या धगधगल्या. अर्धे तळे उपसून झाले. पहिल्या कमाईतून राघूने बाभळीचा पाळणा करवून आणला. पावसाळ्यात तळे काठोकाठ भरले आणि गावाने वाजतगाजत नारळ वाहिला. मग पाणी उतरू लागले. दसऱ्याला घाटाची एक पायरी उघडी पडली, दिवाळीला पाच. कोणी म्हणाले चोरी, कोणी म्हणाले देवीचा कोप. उपसलेला खड्डा कोरडा पडल्यावर साळूबाई त्यात उतरली. पायाखाली काळी माती नव्हती, नुसता मुरूम होता. तिने हातातला तांब्या ओतला, तर पाणी डोळ्यांदेखत दिसेनासे झाले. माती काढता काढता गावाने तळ्याचे बूडच विकले होते. त्या खड्ड्यापायी उरलेल्या अर्ध्यातलेही पाणी ओसरत गेले.

मळे वाळले. भट्टीलाही पाणी लागतेच, तीही विझली. नवा धंदा आला तसा गेला आणि जाताना जुन्यालाही घेऊन गेला. बाप्ये शहरात मजुरीला लागले, राघूही गेला. बायका दीड कोसावरच्या नदीवरून पाणी आणू लागल्या. चिमाला नववा महिना लागलेला. तिच्या वाटची खेप साळूबाईच करी. एक दिवस साळूबाई तापाने फणफणली. घरात थेंब नव्हता, म्हातारी पाणी पाणी करत होती. चिमा घागर घेऊन निघून गेली.

ती दुपारी परतली. घागर नीट उतरवली, तांब्या भरून सासूच्या ओठांना लावला आणि म्हणाली, "आत्याबाई, कसंसंच हुतंय." संध्याकाळी मूल झाले. मुलगा होता. तो रडलाच नाही. चिमा वाचली, पण पुन्हा तिची कूस उजवली नाही. त्या दिवशी घोटभर प्यालेल्या पाण्याचा सल साळूबाईला मरेपर्यंत राहिला.

बारावा दिवस उलटल्यावर तिने पाळणा सुताराकडे नेला. "मोड ह्यो, आन् ह्येचा पाट कर बसायला," म्हणाली. सुताराचा हात चालेना, तेव्हा पहिली पट्टी तिनेच उचकटली.

पुढे तळ्याचे काय करायचे म्हणून गाव जमले. मधोमध बांध घालून निदान अर्धे तळे वाचवावे, असे काहींचे म्हणणे होते. पण त्यासाठी मळे निम्म्यावर आणावे लागणार होते आणि उन्हाळाभर फुकट राबावे लागणार होते. कोणी तयार होईना. साळूबाईने पाट आणून मधोमध मांडला.

"आधी ह्येला इचारा," ती म्हणाली.

एक जण हळूच म्हणाला, "काकी, त्यो तर गेला."

"मागल्या टायमाला हुता की. माझ्या सुनंच्या पोटात हुता, हितंच, ह्याच गावात. त्याच्या नावानं सुपारी ठिवली मी, पर त्याला पानी लागंल ह्ये कुनाच्या ध्यानात आलं? माझ्या तरी आलं का? आता पुढचं येतील त्यांना तरी जागा ठिवा."

त्याच दिवशी बारा सुपाऱ्या पडल्या. उन्हाळाभर माणसांनी माती वाहिली. साळूबाई शेवटपर्यंत पाटी टाकत राहिली, असे सांगतात.

आजही भोकरतळ्यात पाण्याची बैठक असली की पाट मांडतात. नळयोजना असो, बोअर असो, मळा मोडून दुसरा धंदा धरायचा असो, बोलणारा आधी पाटाकडे तोंड करून बोलतो. बाभळीचा मूळ पाट केव्हाच झिजला, पण दर वेळी नवा करतात तो गावातल्या एखाद्या जुन्या पाळण्याच्या लाकडाचाच.

गेल्या साली शहरातून इमारती बांधणारे लोक आले होते. कोरडा खड्डा विकत द्या, म्हणाले, भाव चांगला देऊ. गर्दीत बसायला जागा नव्हती. त्यांच्यातला एक साहेब, आपल्यासाठीच ठेवलाय असे समजून, रिकाम्या पाटावर टेकायला वाकला. शेजारच्या म्हातारीने त्याचा हात धरला.

"तिथं नगा बसू, दादा," ती म्हणाली. "बाळ हाय तिथं."