पाडव्याचा बोलका स्पीकर

नजर गेलेल्या बायकोला, पारूबाईला, पाडव्याची ओवाळणी म्हणून बोलका स्पीकर घ्यायला म्हादूआबा दामूशेठच्या दुकानात आले.

"हा घ्या, सगळ्यात नवा," शेठ ऐटीत म्हणाले. "याचं उत्तर चुकलं तर फुकट न्या! पण आबा, तुम्हाला झेपेल का?"

गिऱ्हाईकं हसली. आबांनी खोक्यावरची धूळ बोटानं पुसली आणि चालू केलेल्या स्पीकरला सावकाश विचारलं, "बाळा, तुझ्याहून नवा आलाय का रे?"

"हो, गेल्या दिवाळीतच आला."

"साफ खोटं!" शेठ ओरडले.

"मग उत्तर चुकलं. फुकट बांधून द्या," आबा म्हणाले. "आणि ते खरं असेल, तर याच किमतीत नवा काढा."

शेठ नवा स्पीकर काढायला माळ्यावर चढले. पाडव्याला पारूबाईच्या ओवाळणीच्या ताटात नवाकोरा स्पीकर गात होता.