प्लायवूडचं घर

"…पण यात उणं काय आहे, ते तरी सांगाल की नाही, मास्तर?"

हर्षलाचा आवाज चढला होता. केरबा मास्तर खोलीच्या मधोमध उभे होते.

खोली म्हणजे सेट. चित्रपट शिकणाऱ्या मुलांच्या लघुपटासाठी कोल्हापुरातल्या एका रिकाम्या गोदामात तिनेच तो उभा केला होता. नेपथ्य तिचं, वस्तू तिच्या, वेशभूषाही तिचीच. पोरगी हुशार, यात शंका नाही. प्लायवूडच्या भिंतींवर तिने धुराचे थर चढवले होते. नवं लुगडं चहाच्या पाण्यात उकळून जुनं केलं होतं. जुन्या बाजारातून पितळी डबे आणून वरच्या फळीवर ओळीने मांडले होते. बघणारा तोंडात बोट घालत होता, आणि हर्षला बघणाऱ्याकडे बघत होती.

घोडं अडलं होतं एका दृश्यावर. वारलेल्या नवऱ्याला अंगणातून नेलं आहे. माणसं लांब गेली आहेत. बाई एकटीच घरात येते. संवाद नाही. सगळा लघुपट त्या एका येण्यावर उभा होता, आणि इंदूताईंना ते जमत नव्हतं. मुरलेली नटी, पण आत आल्या की पाहुण्यासारख्या डब्यांकडे बघत राहायच्या. आज नाही जमलं तर हे दृश्यच काढून टाकू, असं दिग्दर्शक म्हणाला होता. मग लघुपटात उरणार काय, कपाळ?

म्हणून मास्तरांना बोलावलं होतं. त्यांचा जन्म सिनेमाचे सेट उभे करण्यात गेला होता, आणि आता ते या मुलांना शिकवत होते.

"मास्तर…?"

"तहान लागलीया. पाणी दे की."

हर्षलाने पिशवीतून बाटली काढली.

"हितलं दे."

"इथलं? अहो, तो माठ रिकामा आहे. नुसता दाखवायला ठेवलाय."

मास्तर तिथेच जमिनीवर बसले.

ती चरफडत बाहेर गेली, पाणी आणून माठात ओतलं. भांडं बुडवायला वाकली तर डोकं फळीवर आपटलं. कॅमेऱ्यात छान दिसावा म्हणून तिने माठ कोपऱ्यात कोंबला होता. तिने तो रागारागाने दाराजवळ ओढला.

मास्तर पाणी प्यायले.

"आता ते लुगडं नेस आणि चहा टाक."

"मी तुम्हाला सेट बघायला बोलावलंय, मास्तर!"

"बघतोय की…"

लुगडं नेसून तिने स्टोव्ह पेटवला. चहाच्या डब्याला हात पुरेना. डबा खाली आला, त्याच्यामागे साखरेचाही आला. हात पुसायला काही नव्हतं, पदर होता. चहा झाला.

"डाळ निवड जरा."

कोपऱ्यात खडे दिसेनात. ती पाट घेऊन खिडकीशी सरकली. उठताना भिंतीला हात टेकला आणि स्टोव्हची काजळी भिंतीवर उमटली. ती पुसायला गेली… मास्तरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

तिने डाग तसाच ठेवला.

मग मास्तरांना काही सांगावं लागलं नाही. तिने केर काढला. खाटेवर पडून पाहिलं. उठून खाट वाऱ्याच्या बाजूला घेतली. दुपारपर्यंत तिची सगळी मांडणी मोडली होती आणि तिची कुरकुरही थांबली होती.

चार वाजता इंदूताई तेच लुगडं नेसून आल्या.

दाराशी त्यांनी चपला काढल्या. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आत आल्या. कशाकडेच पाहिलं नाही. हात आपोआप माठाकडे गेला, पेला भरला, आणि त्या पेला घेऊन खाटेपाशी गेल्या. तो पुढे केला.

खाट रिकामी होती.

हात तसाच राहिला… मग त्या हळूच खाली बसल्या. पेला सांडला नाही. सांभाळून त्यांनी तो जमिनीवर ठेवला, जिथे नवऱ्याचा हात पुरला असता तिथे.

कुणी 'कट' म्हटलं नाही. दिव्यांपाशी उभी असलेली पोरं पुतळ्यासारखी झाली होती. या भिंती हर्षलाने स्वतः ठोकल्या होत्या, खिळा न् खिळा तिला ठाऊक होता, आणि तरी आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं वाटून तिला तिथे उभं राहवेना. तिने नकळत हात जोडले होते.

भानावर आली तेव्हा मास्तर नव्हते.

ती धावत फाटकापर्यंत गेली. डोळे भरलेलेच होते.

"मास्तर! असे कसे निघालात? साधं 'येतो'सुद्धा म्हणाला नाहीत…"

मास्तर थांबले. वळून त्यांनी गोदामाच्या दाराकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आणला.

"असल्या घरातनं निघताना 'येतो' म्हणत न्हाईत, पोरी."